अडुसष्ट गेले, आठ पडले

चावडीच्या भिंतीतल्या पांढऱ्या दगडाचा जयाबाईला जन्मभर राग. दगडानं कुणाचं काय घोडं मारलंय, असं कुणी म्हणेल. तर ऐका.

मोरगुंडी हे निपाणीहून बेळगावकडं येताना हायवे सोडून चार किलोमीटर आत असलेलं गाव. तिथल्या जुन्या चावडीत इंग्रजांच्या काळात हा दगड बसवला. त्यावर कोरलंय, ‘या गावातून सन १९१४ ते १९१९ च्या मोठ्या लढाईस ६८ माणसे गेली. त्यांपैकी ८ मयत झाली.’ बस्स, एवढंच. नाव नाही की हुद्दा नाही. पण त्या आठांपैकी एकाचं नाव गावाला पक्कं ठाऊक होतं, भरमा. आणि तेही भरमाच्या पराक्रमामुळं नव्हे, तर त्याच्या बायकोमुळं.

ही बायको म्हणजे मनुबाई, जयाबाईची आजी. भरमा तिकडं इराकात बसऱ्याच्या बाजूला पडला असं कळल्यावर घरच्यांनी त्याचं दहावं-बारावं केलं, पिंड दिले, मनुबाईचं कुंकू पुसलं. ती गेली माहेरी, काकतीला. आणि दोन वर्षं होतात न होतात तोवर तिनं देवाप्पा नावाच्या माणसाशी लग्न लावलं. हा देवाप्पा म्हणजे जयाबाईचा सख्खा आजा. बारा-तेरा वर्षांनी मनुबाई त्याला नि पोरांना घेऊन मोरगुंडीला आली, भरमाच्या वाटणीच्या रानात घर बांधून राहिली, आणि गावाच्या जिभेला हाड उरलं नाही. नवरा परमुलखात मेला नि हिला दम निघाला नाही! विधवेनं पुन्हा लग्न करायची त्यांच्यात रीत होती, त्यात काही चोरी नव्हती. पण ज्याच्यासाठी सरकारनं दगड बसवला त्याची बायको दुसऱ्याची चूल फुंकते, हे लोकांच्या डोळ्यांत सलायचं. जयाबाईच्या बापाला त्यावरनं चिडवलं. जयाबाईला बघायला आलेलं पहिलं स्थळ मनुबाईची कथा ऐकून उठून गेलं. ‘पोहे तेवढे खाऊन गेले मेले,’ असं ती अजून सांगते.

मनुबाई हे सगळं ऐकायची आणि ब्र काढायची नाही. जयाबाई अकरा वर्षांची असताना ती गेली, तशीच मुकाट्यानं. त्याचाच जयाबाईला जास्त संताप. कारण जयाबाई स्वतः तीस वर्षं निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबलेली, आणि तोंड असं की वखारीचा मुकादम तिच्याशी बोलायच्या आधी तपकीर ओढून धीर गोळा करायचा. आता तिला शहात्तरावं लागलं होतं. सांधे कुरकुरत होते, जीभ ठणठणीत होती. मरायच्या आधी आजीच्या नावावरचा हा डाग एकदा धुऊन काढायचा, एवढी एकच तिची इच्छा. कसा धुवायचा, ते मात्र तिला कळत नव्हतं.

तशात सुभेदार युवराज रिटायर होऊन गावात आले. हे पलटणीतले हेडक्लार्क. अठ्ठावीस वर्षं त्यांनी बंदुकीपेक्षा पेन्सिलच जास्त चालवली. एकूण माणसं किती, हजर किती, रजेवर किती, दवाखान्यात किती, असा तक्ता रोज सकाळी साहेबाच्या टेबलावर ठेवायचा, हे त्यांचं काम. ती खोड गावातही सुटली नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी ‘एकूण दोनशे चाळीस, जेवलेले एकशे साठ, रुसलेले चार’ असं मनातल्या मनात मांडायचे.

चावडीतला दगड बघून त्यांचा जीव कासावीस झाला. अडुसष्ट माणसं आणि एकाचंही नाव नाही? असला तक्ता त्यांनी जन्मात बघितला नव्हता. त्यांनी पंचायतीकडं धोशा लावला, चावडीशेजारी काळ्या ग्रॅनाइटची भिंत मंजूर करून घेतली, आणि नावं द्या म्हणून भोंग्यावरनं पुकारा केला.

महिन्याभरात एकशे एकतीस नावं आली.

सुभेदारांनी कपाळाला हात लावला. गेले अडुसष्ट आणि नातवंडांनी जमा केले एकशे एकतीस! ज्याच्या त्याच्या पणजोबानं लढाई जिंकलेली. एकाचा पणजोबा चौदा साली चार वर्षांचा होता. एकाचा भरती होऊन लोंढ्यापर्यंत गेला, तिथं गाडी बदलायची होती, तेवढ्यात त्याला घरची आठवण आली नि गडी जंगलातनं चालत परत आला. ‘पर निघालाता की न्हाय?’ असं त्याच्या पणतूचं म्हणणं.

शेवटी मदतीला आली उपासना. ती याच गावच्या बौद्ध वस्तीतली, आता बेळगावच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते, राहते टिळकवाडीत. दिल्लीतनं जुन्या लष्करी कागदांचे फोटो काढून आणायचे, हा तिचा नादच होता. ती दर रविवारी गाडी घेऊन यायची आणि सुभेदारांबरोबर चावडीत बसून एकेकाचा पणजोबा खोडायची.

“असं का केलंय रं बाबा त्या इंग्रजानं?” असं जयाबाई एकदा तिथं पायरीवर टेकून म्हणाली. “आमच्या एवढ्याशा गावातनं अडुसष्ट?”

“माणसं कमी पडली, मावशी,” उपासना म्हणाली. “लढाई लागली तेव्हा हिंदुस्थानचं लष्कर दीड लाखाच्या आसपास होतं. संपली तेव्हा पावणेसहा लाख. मधल्या मधे चौऱ्याहत्तर हजार मेले ते वेगळेच. एवढी माणसं आणायची कुठनं? मग गावोगाव हिंडले. आधी आमच्या लोकांना भरतीच बंद होती. सतरा साली अडचण झाली तशी आमची आठवण आली, आमची वेगळी पलटण उभारली, माझा पणजोबा गेला. लढाई संपल्यावर तीन वर्षांत पलटणच मोडली, म्हणाले, आता जा घरी!”

“गरज सरली म्हणायची,” सुभेदार जरा ओशाळून म्हणाले. उपासनाच्या पणजोबाचं नाव एकशे एकतीसात कुणीच दिलं नव्हतं. तिनं कागद दाखवला तेव्हा त्यांनी ते स्वतःच्या हातानं घातलं, आणि तेच अडुसष्टावं ठरलं. आकडा बरोब्बर जुळला. गेलेले अडुसष्ट, पडलेले आठ. सुभेदारांना त्या दिवशी दोन घास जास्त गेले.

कार्यक्रम ठरला पंधरा जानेवारीला, लष्कर दिनाला, म्हणजे संक्रांत झाली की लगेच. बेळगावहून कर्नलसाहेब येणार, बँड येणार. सुभेदारांची पद्धत अशी की आधी सगळ्यांच्या देखत नावं वाचायची, कुणाची हरकत असेल तर तिथंच ऐकायची, आणि मगच कारागिराच्या हाती यादी द्यायची. कागदावरचं खोडता येतं, ग्रॅनाइटवरचं येत नाही. पडलेल्या आठांची हजेरी लष्करी थाटात घ्यायची, प्रत्येकाचं नाव तीनदा पुकारायचं. उत्तर येत नाही, मग त्याच्या घरच्याला शाल द्यायची.

भरमाची शाल ठरली मष्णूला. मष्णू हा पंचायतीचा माजी अध्यक्ष, भरमाच्या सख्ख्या भावाचा नातू. भरमाला मूलबाळ नव्हतंच, असं सगळं गाव धरून चाललेलं.

हे जयाबाईच्या कानावर आलं. ती तशीच चावडीवर गेली.

“सुभेदार, भरमाचं नाव कोरा. दोनदा कोरा. पर भोंग्यावर पुकारू नका.”

“आक्का, असं कसं? आठ म्हंजे आठ.”

“तीनदा पुकारलं की गाव तीनदा माझ्या आजीचं नाव काढंल.”

मष्णू तिथंच कठड्यावर बसला होता. तो मिशीतल्या मिशीत हसला. “काढू दे की. आमच्या आजाचं नाव झालं त्यात आमी काय करणार? ज्यानं त्यानं आपापलं बघावं.”

“तुझ्या आजाचा भाऊ मेला तवा तू कुटं हुतास रं? त्याच्या नावावर शाल पांघरायला बरा पुढं आलास!” असं म्हणून जयाबाई निघाली खरी, पण घरी येईपर्यंत तिचे डोळे भरून आले होते. बोलण्यात मष्णूला गप्प करता यायचं, गावाला कुठं करणार?

कार्यक्रमाला दोन दिवस उरले असताना उपासना दारात आली. चेहरा उजळलेला, हातात मोबाईल.

“मावशी, बसा. भरमा मेला नव्हता!”

जयाबाई भाजलेले तीळ निवडत होती. ती हात थांबवून बघतच राहिली.

उपासनानं सांगितलं ते असं. इराकात कूत नावाच्या गावात आपल्या फौजेला तुर्कांनी पाच महिने वेढा घातला. धान्य संपलं, घोडी कापून खाल्ली, आणि सोळा सालच्या एप्रिलात फौज शरण गेली. हजारो माणसं कैद झाली, त्यांना वाळवंटातनं चालवत नेलं, वाटेत असंख्य मेली. भरमा त्यातच बेपत्ता झाला. लष्करानं त्याचं नाव पटावरनं काढलं, घरी मेल्याचा निरोप धाडला. पण एकोणीस सालच्या मार्चमधल्या एका कागदावर तोच नंबर, तोच भरमा, गाव मोरगुंडी. कैदेतनं सुटला, पुन्हा पटावर घेतला, बेळगावात नाव कमी करून घरी सोडला.

“म्हणजे तो परत आला होता. जिवंत!” उपासना म्हणाली. “गावाचं सगळं चुकलंय.”

जयाबाईनं परात बाजूला सरकवली. 

“पोरी, तू माझं वाटोळं केलंस बघ,” जयाबाई म्हणाली. “आत्तापतूर माझी आजी नवरा मेल्यावर दुसऱ्या घरात गेलती. आता काय झालं? नवरा जित्ता असताना गेली. तो बिचारा तुर्काच्या कैदेतनं जीव वाचवून आला, नि बायको बघतो तर दुसऱ्याच्या गळ्यात माळ घालून बसलीया! मग तो गेला कुटं? कुटल्या हिरीत उडी टाकली? हे बी आता गाव मलाच इचारणार.”

उपासनाचा चेहरा पडला. हा हिशेब तिच्या ध्यानातच आला नव्हता.

“तो कागद पिशवीत ठेव,” जयाबाई म्हणाली.

“मावशी, कागद लपवणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. जन्मभर लोकांनी आमचे कागद लपवले म्हणून तर मी या नादाला लागले. पण दोन दिवस थांबते. तेवढ्यात काय शोधायचं ते शोधू. त्या वेळचं कुणी आहे का हो काकतीत?”

जयाबाईनं डोळे पुसले. काकतीत एकच म्हातारी उरली होती, यल्लव्वा. मनुबाईच्या धाकट्या बहिणीची मुलगी, चौऱ्याण्णव वर्षांची. जयाबाईची नात्यानं आत्ती. तिच्याकडं जाऊन तिला वीस वर्षं झाली होती.

संक्रांतीच्या दुपारी दोघी उपासनाच्या गाडीनं काकतीला पोचल्या. यल्लव्वा अंगणात उन्हाला बसून ऊस सोलत होती. दात एक नव्हता, ऊस नातवासाठी होता. तिला ओळख पटायला थोडा वेळ लागला, पण पटल्यावर तिनं जयाबाईला जवळ ओढून तिच्या गालांवरनं दोन्ही हात फिरवले आणि बोटं कडाकडा मोडली.

“आत्ती, एक इचारायचं हाय,” जयाबाई म्हणाली. “आजीचा पैला नवरा, भरमा, लढाईतनं परत आलता व्हय?”

“आलता की.”

जयाबाईनं उपासनाचा हात घट्ट धरला. “मग आजी तवा देवाप्पाच्या घरात हुती?”

“काय येड लागलंय काय गं तुला?” यल्लव्वा म्हणाली. “देवाप्पा आनि कुटला? भरमाचाच देवाप्पा झाला न्हवं का! माझ्या आयनंच तर नाव ठेवलं त्याचं.”

अंगणात कोंबड्या तेवढ्या कलकलत होत्या. मग यल्लव्वानं सांगायला घेतलं, आणि सांगता सांगता तिची ती दात नसलेली हनुवटी हसण्यानं हलायला लागली.

एकोणीसच्या उन्हाळ्यात एक माणूस काकतीच्या वेशीत आला. नुसता सापळा, केस पांढरे, एक दात धड नाही. मोरगुंडीला गेला नाही, कारण वाटेतच कळलं होतं की मानमोडीच्या तापात आई नि भाऊ दोघं गेले आणि बायको माहेरी आहे. मनुबाईनं त्याला ओळखलं, किंकाळी फोडली आणि धावत सुटली. पण तिच्या बापानं तिला उंबऱ्यावरच धरलं. कारण या माणसाचं बारावं झालं होतं. त्याच्या नावानं पिंड दिले होते, कावळ्यानं ते शिवले होते. जुन्या माणसांच्या मते तो मेलेलाच. मेलेल्याला घरात घ्यायचं तर एकच वाट होती, त्यानं पुन्हा जन्म घ्यायचा.

“म्हंजे?” उपासनानं विचारलं.

“म्हंजे बारसं!” यल्लव्वा म्हणाली. “तुळईला दोन लुगडी बांधून पाळणा केला. पंचवीस वर्षांचा बापय, मिशा असलेला, त्यात घातला. बायका पाळणा म्हणाय लागल्या, तर निम्म्या रडत्यात, निम्म्या हसत्यात. नाव ठेवायला आत्या पायजे. त्याला आत्या कुटली? मग माझी आय अकरा वर्षांची हुती, त्याची मेव्हणी, तिलाच आत्या केली. तिनं कानात कुर्र करून देवाप्पा म्हणाय नि तिच्या पाठीत सगळ्यांनी धपाटं घालाय एकच गाठ पडली, नि लुगडं फाटलं. बाळ धाडकन खाली!”

जयाबाई हसायला लागली ती थांबेना. पदर तोंडात कोंबला तरी हसू बाहेर येत होतं, आणि डोळ्यांतनं पाणीही.

“मग बाराव्या दिवशी हळद लावली,” यल्लव्वा म्हणाली. “जन्माला आला तसं लगीन बी नव्यानं लागाय पायजे की. आपल्याच बायकोशी लगीन केलं त्यानं. अगं आय सांगायची, कान जिबरा, तुटका हुता त्याचा, डावा. कुर्र करायला धड कान सापडंना, मग उजव्यात सांगितलं.”

उपासनानं गडबडीनं मोबाईल उघडला. सुटका झालेल्या कैद्यांच्या कागदावर अंगावरच्या खुणा लिहिल्या होत्या. भरमाच्या नावापुढं होतं, डाव्या कानाची पाळी तुटलेली. जयाबाईला कागदाची गरज नव्हती. लहानपणी आजाच्या मांडीवर बसून त्या अर्ध्या कानाला तिनंच ओढ ओढ ओढलं होतं.

“पर आजीनं सांगितलं का न्हाय?” जयाबाईचा आवाज चिरकला. “लोकं एवढं घालूनपाडून बोलायची. एक शब्द टाकला असता तर सगळी गप बसली असती!”

“कसं टाकणार?” यल्लव्वा आता हसत नव्हती. “भरमा ह्या नावाला पिंड दिलेलं. ते नाव त्याला पुन्यांदा लावलं तर तो त्या वाटंनं जायचा, असं भटानं बजावलं हुतं. मनुमावशीनं देवाची आण घेतलेली. म्हणायची, बोलू देत मला काय बोलायचं ते, माझा माणूस चालता-बोलता हाय न्हवं. मोरगुंडीत एकदोन म्हाताऱ्यांनी वळखलं त्याला, पर त्यांनी बी नाव घेतलं न्हाय. भीतीनं. नि मावशी मेल्यावर तो तरी कुटं ऱ्हायला? दीड म्हैना.”

“आनि तू गं आत्ती? तू का न्हाय सांगितलंस?”

“मला इचारलं कोणी?” यल्लव्वा म्हणाली आणि पुन्हा ऊस सोलायला लागली.

त्या रात्री दोघी काकतीतच राहिल्या, कारण यल्लव्वानं जेवल्याशिवाय सोडलं नाही. उपासना म्हणाली, सुभेदारांना फोन करून सांगू. जयाबाईनं मान हलवली. “फोनवर न्हवं. शंभर वर्षं चारचौघांत बोललेत. चारचौघांतच मिटवायचं.”

सकाळी त्या मोरगुंडीत पोचल्या तेव्हा मांडव भरला होता, बँड वाजून झाला होता आणि कर्नलसाहेब तिळाचा लाडू हातात धरून कुठं ठेवावा याच्या विचारात होते. मष्णू पुढच्या रांगेत, कडक इस्त्रीत. सुभेदार युवराज छातीवर मेडलं लावून माईकपुढं उभे राहिले. हजेरी सुरू झाली. एकेक नाव तीन-तीनदा, मधे शांतता. गावातली वटवट करणारी माणसंसुद्धा चिडीचूप झाली होती. चार नावं झाली.

“शिपाई भरमा!”

शांतता. मागच्या बायकांत थोडी कुजबूज झाली, ती जयाबाईला नीट ऐकू आली.

“शिपाई भरमा!”

“हजर!” जयाबाई मांडवाच्या मधोमध उभी राहून ओरडली.

सगळ्या माना वळल्या. सुभेदारांच्या हातातली यादी खाली पडली. आयुष्यात पहिल्यांदा मेलेल्या माणसानं हजेरी दिली होती.

“आक्का, काय हे?” ते माईकवरच म्हणाले, त्यामुळं ते चार गल्ल्यांत ऐकू गेलं.

“तुमीच म्हणालासा की, हरकत असंल तर सांगा. माझी हरकत हाय. ह्यो माणूस मेला न्हाय. ह्यो माझा आजा हाय, सख्खा,” असं म्हणत जयाबाई सरळ माईकपाशी गेली. तिनं सगळं सांगितलं. कूतचा वेढा, कैद, काकतीचा पाळणा, फाटलेलं लुगडं. पाळण्याला मांडव हसून हसून लोळला. कर्नलसाहेबांना कुणीतरी हिंदीत समजावून सांगितलं आणि ते सगळ्यांच्या नंतर एकटेच हसले. मग जयाबाईनं हात वर केला.

“हसून झालं? आता ऐका. माझ्या आजीला एकच वाक्य बोलायचं हुतं, ह्योच भरमा. बोलली असती तर तुमच्या आज्या-पणज्यांची थोबाडं बंद झाली असती. पर नाव घेतलं तर नवरा जाईल ह्या भ्यानं ती एक्केचाळीस वर्षं गप ऱ्हायली. खरं-खोटं देवाला ठावं, तिला खरं वाटत हुतं. त्याला तिकडं पाच म्हैनं वेढा पडला, हिला हिकडं एक्केचाळीस वर्षं पडला. ती शरण गेली न्हाय.”

 उपासनानं पुढं होऊन कागदाचा फोटो सुभेदारांपुढं धरला. त्यांनी चष्मा चढवला, नंबर बघितला, तारीख बघितली, कानाची खूण बघितली. कागद पटला तसा हेडक्लार्क जागा झाला. ते कर्नलसाहेबांकडं वळले आणि त्यांनी कडक सलाम ठोकला.

“साहेब, तक्ता दुरुस्त. एकूण अडुसष्ट. पडलेले सात. एक उशिरा हजर!”

टाळ्यांनी मांडव दणाणला. शालीसाठी आधीच उठून पुढं आलेला मष्णू तेवढा मधोमध उभा होता, हात कुठं ठेवावेत हे न कळून. तो जयाबाईजवळ आला.

“म्हंजे तुझा आजा नि माझा आजा…”

“सख्खं भाऊ. इतकी वर्षं तू आपल्याच घरच्या बाईला नावं ठेवलीस.”

मष्णूची मान खाली गेली. तो वाकून तिच्या पाया पडला, सगळ्यांच्या देखत. “चुकलं, आक्का,” तो म्हणाला. जयाबाईनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्याला लाडू भरवला. आता रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, ते काही तिला जमलं नाही.

दुपारी कारागीर छिन्नी घेऊन बसला. सुभेदारांनी यादी दिली. “परत आलेले, नंबर बेचाळीस, भरमा ऊर्फ देवाप्पा.”

“त्याच्याखाली लिव्हा,” जयाबाई म्हणाली, “मनुबाईचा नवरा.”

“आक्का, तसा रकाना न्हाय. नाव, नंबर, हुद्दा, एवढंच असतंय. बायकोचं नाव कुठल्याच यादीत नसतंय.”

“ती नसती तर तुमच्या यादीत तो मेलेलाच ऱ्हायला असता.”

सुभेदारांनी पेन्सिल कानामागनं काढली, पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी नियमाबाहेर एक अक्षर लिहिलं नव्हतं. मग त्यांनी यादीत आपल्या वळणदार हस्ताक्षरात लिहिलं, ‘मनुबाईचा नवरा’. कारागिरानं ते तसंच कोरलं. जयाबाई उन्हात स्टूल टाकून शेवटच्या काना-मात्रेपर्यंत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार चहा घेत होते तोच दारात पंधरा-वीस बायका. पुढं मालुबाई, मागं अक्काताई, त्यांच्या सुना, लेकी.

“सुभेदार, आमच्या पणज्यांची बी नावं घाला.”

“सगळ्यांच्या?”

“सगळ्यांच्या. अडुसष्ट बापय गेलं, तर हिकडं रानं कुणी कसली? पोरं कुणी जगवली?”

सुभेदारांनी मुकाट्यानं वही काढली. मालुबाईनं पणजोबाचा नंबर सांगितला, पलटण सांगितली, कुठल्या बोटीनं गेला तेही सांगितलं. “नि पणजीचं नाव?” त्यांनी विचारलं. मालुबाईनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. तिनं अक्काताईकडं बघितलं, अक्काताईनं जमिनीकडं. पणजीचं नाव कुणालाच येत नव्हतं.

बायकांच्या मागनं आलेली जयाबाई पायरीवर बसून हे बघत होती. ती उठली आणि तिनं सगळ्यांना हाकललं.

“हितं काय उभ्या ऱ्हायलासा? जावा, म्हाताऱ्या माणसांस्नी इचारून या. निपाणीला जावा, खानापुराला जावा, जितं कोण जित्तं असंल तितं जावा. उद्यापतूर तीबी ऱ्हायची न्हाईत!”

बायका पांगल्या. थोड्या वेळानं गल्लीच्या एकेका उंबऱ्यावर फोन कानाला लावून मोठमोठ्यानं विचारपूस सुरू झाली, आणि दुपारपर्यंत सुभेदारांच्या वहीत एकोणीस नावं चढली.